दहा दरवाजे, चार खिडक्या आणि एक खिंडार

मराठीत गावाच्या सीमेला शीव म्हणतात आणि तिच्यावरच्या दाराला वेस. शीव ही रेषा आहे; ती डोळ्यांना दिसतेच असे नाही. वेस मात्र दिसते. तिला कमान असते, कवाडे असतात आणि तिच्यातून माणसांची ये-जा चालते. पावसाळा सरला की दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर मराठी फौजा मोहिमेवर निघत. अशाच मोहिमांच्या ओघात अठराव्या शतकात मराठी माणूस बुंदेलखंडात पोहोचला आणि तेथील एका नगराच्या वेशीला ‘खंडेराव’ हे नाव मिळाले.

शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात इतिहास मंडळाने झाशीच्या जुन्या सीमांची सायकलफेरी काढली. नववीचे विद्यार्थी, काही माजी विद्यार्थी आणि आम्ही तीन शिक्षक त्यात होतो. पहिल्या दिवशी खंडेराव गेटपासून निघून नगराच्या तटाभोवती फेरी, दुसऱ्या दिवशी ओरछा, तिसऱ्या दिवशी दतिया, असे तीन दिवसांत शंभराच्या आसपास किलोमीटर झाले. त्या फेरीचे प्रवासवर्णन लिहिण्याचा येथे हेतू नाही. त्या वाटेवर एका विद्यार्थिनीने विचारले होते, “बाई, ही वेस नेमकी कुणाची?” या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, त्यासाठी हा लेख.

झाशीचा किल्ला ओरछ्याचा राजा वीरसिंह देव याने १६१३ साली बांधला. पुढे १७२९ मध्ये महंमदखान बंगशाच्या वेढ्यात सापडलेल्या छत्रसालाच्या मदतीला पहिले बाजीराव धावून गेले. १७३१ मध्ये छत्रसालाचे निधन झाले आणि त्याच्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला. बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला तो असा. १७४२ साली नारोशंकर झाशीचे सुभेदार झाले. नाशिककरांना हे नाव गोदाकाठच्या नारोशंकराच्या घंटेमुळे, तर मालेगावकरांना तेथल्या भुईकोट किल्ल्यामुळे परिचित आहे. झाशीत त्यांनी किल्ल्याचा विस्तार केला; तो भाग शंकरगढ म्हणून ओळखला जातो. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांनी वस्ती वाढवली. त्यानंतर कोकणातून आलेल्या नेवाळकर घराण्याकडे सुभेदारी गेली आणि शहर भरभराटीला आले.

या शहराभोवती भक्कम तट होता. १८५८ च्या इंग्रजी लष्करी वृत्तांतानुसार त्याचा घेर सुमारे साडेचार मैल, म्हणजे सात किलोमीटरांहून थोडा अधिक, जाडी सहा ते बारा फूट आणि उंची अठरा ते तीस फूट होती. त्याला दहा दरवाजे होते : खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा, बडागाव, लक्ष्मी, सागर, सैंयर, भांडेर आणि झरना. यांशिवाय चार लहान दिंड्या होत्या. त्यांना तेथे ‘खिडकी’ म्हणतात. गणपतगीर, अलीगोल, सुजानखान आणि सागर ही त्यांची नावे.

ही नावे सावकाश वाचण्यासारखी आहेत. दतिया, उन्नाव, ओरछा, बडागाव, सागर, भांडेर ही सारी गावांची नावे. ज्या गावाचा रस्ता जेथून निघतो, त्या गावाचे नाव दाराला द्यायचे, ही आपल्याकडचीही रीत आहे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा किंवा मराठवाड्यातील जुन्या औरंगाबादचा पैठण दरवाजा ही त्याचीच उदाहरणे. म्हणजे शहराने स्वतःची सीमा आखली, पण त्या सीमेवर नावे कोरली ती शेजाऱ्यांची. खंडेराव हे नाव मात्र गावाचे नव्हे. ते जेजुरीच्या खंडोबाचे. मल्हारराव होळकरांनी आपल्या पुत्राला ठेवले तेच. बुंदेली नावांच्या रांगेत ते मराठी कानाला चटकन ओळखू येते.

२१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोज फौजेसह झाशीपुढे दाखल झाला आणि हीच वेस मृत्यूची रेषा झाली. तात्या टोपे मदतीला येत होते. १ एप्रिलला बेतवेकाठी त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज तट ओलांडून शहरात शिरले आणि ४ एप्रिलच्या रात्री राणी लक्ष्मीबाई झाशीबाहेर पडल्या. ओरछा दरवाजा फितुरीने उघडला गेला, अशी कथा झाशीत आजही सांगतात. तटाला तोफांनी पाडलेले खिंडार सैंयर आणि झरना या दरवाजांच्या मध्ये होते. दहा दरवाजे आणि चार खिडक्या शहराने स्वतः ठेवल्या होत्या. हे पंधरावे दार मात्र शत्रूने पाडले. त्या दिवसांत तटाच्या आत वरसईचे विष्णुभट गोडसे होते. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेल्या या भिक्षुकाने वेढा, कत्तल आणि लूट डोळ्यांनी पाहिली. पुढे त्यांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. झाशीच्या पाडावाचा तटाच्या आतून लिहिलेला हा दुर्मिळ वृत्तांत मराठीत आहे, हे आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हते.

यापुढचे प्रकरण पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशी शहर ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांना दिले. १८५८ मध्ये शिंदे इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले होते. इंग्रजांनी जिल्ह्याचे ठाणे तटाबाहेरच्या ‘झाशी नौआबाद’ येथे, म्हणजे नव्याने वसवलेल्या झाशीत, हलवले. अशा रीतीने पुढची पंचवीस वर्षे शहराचा तट दोन राजवटींमधली सीमा ठरला. आत शिंदेशाही, बाहेर इंग्रजी अंमल. सकाळी भाजीची पाटी घेऊन वेशीतून बाहेर पडणारी बाई एक राज्य सोडून दुसऱ्यात जाई आणि सूर्य मावळायच्या आत परत येई. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी यांच्या मोबदल्यात झाशी पुन्हा इंग्रजांकडे गेली. त्या दिवशी एकही दगड न हलता सीमा पुसली गेली.

स्वातंत्र्यानंतर रेषा पुन्हा बदलल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विंध्य प्रदेश मध्य प्रदेशात विलीन झाला. झाशी उत्तर प्रदेशात राहिली. परिणामी ज्या गावांची नावे झाशीच्या वेशींवर आहेत, त्यांपैकी दतिया, उन्नाव, भांडेर, ओरछा आणि सागर ही पाचही आज मध्य प्रदेशात आहेत. निम्मे दरवाजे शेजारच्या राज्याकडे तोंड करून उभे आहेत. दुसऱ्या दिवशी ओरछ्याकडे जाताना आम्ही ही राज्यसीमा ओलांडली. रस्त्याकडेच्या फलकाखेरीज तेथे काहीच बदलले नाही. अलीकडे आणि पलीकडे बुंदेली बोलीच ऐकू येत होती. सीमाप्रश्न म्हटला की बेळगाव आठवणाऱ्या आपल्या मनाला हा अनुभव विचार करायला लावतो. रेषा कागदावर आखली जाते, बोलणे मात्र माणसांच्या तोंडी चालत राहते.

मग वेस टिकते कशाने? अमेरिकेच्या राजधानीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. वॉशिंग्टनची हद्द ठरवण्यासाठी १७९१-९२ मध्ये दर मैलाला एक असे चाळीस दगड रोवले गेले. त्यांपैकी बहुतेक आजही जागेवर आहेत आणि सायकलस्वारांचे गट ते शोधत हिंडतात. दगड टिकले, कारण १९१५ पासून तेथील एका महिला संघटनेने त्यांची जबाबदारी घेतली आणि त्यांना लोखंडी कुंपणे घातली. झाशीच्या तटाचे असे झाले नाही. घरे आणि दुकाने त्याला टेकली आहेत. कुठे तो दिसतो, कुठे हरवतो. पण ‘खंडेराव गेट’ हा आज मोहल्ल्याचा पत्ता आहे. रिक्षावाला, पोस्टमन, शाळेत जाणारे मूल दिवसातून दहादा हे नाव उच्चारते. भिंतीला पहारेकरी लागतो; नावाला रोजचा वापर पुरतो.

भाषेचेही असेच आहे. १८४२ मध्ये गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचा विवाह ज्या गणेश मंदिरात झाला, तेथे झाशीचा मराठी समाज आजही गणेशोत्सव साजरा करतो. राज्य गेले, सुभेदारी गेली, पण आरती मराठीत होते. साठ वर्षे मराठी माध्यमाची शाळा चालवताना आम्हा शिक्षकांना दरवर्षी जूनमध्ये एकच चिंता असते : पहिलीचा वर्ग भरेल ना? अभिमानाची भाषणे पटसंख्या वाढवीत नाहीत. ज्या घरात मूल मराठीत भांडते, हिशेब करते, प्रश्न विचारते, त्या घरातूनच ते आमच्याकडे येते. आणि आमची शाळाही वेशीसारखीच असावी, असे मला वाटते. तिला स्वतःची ओळख असावी, पण तिची दारे शेजाऱ्यांच्या भाषांकडे उघडणारी असावीत.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. खंडेराव गेट नेवाळकरांचे होते, शिंद्यांचे होते, इंग्रजांचे होते. आज ते त्यातून ये-जा करणाऱ्यांचे आहे. येत्या जूनपासून आठवीचा वर्ग आपल्या गावाच्या वेशी, पडलेल्या कमानी आणि शिवेचे दगड यांची सायकलवरून फिरून नोंद करणार आहे. कोणत्या वेशीला पूर्वी काय म्हणत, शिवेचा दगड कोणत्या शेताच्या बांधाला होता, हे ज्या पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल, त्यांनी ते लिहून शाळेत पोहोचवावे. मोडी कागद असेल तर तोही दाखवावा. तो वाचून, त्याची नक्कल करून आम्ही परत करू.