डेमलो संख्या आणि देवळालीचे गुरुजी

मोठ्या संख्येचे वेड आपल्याकडे जुने आहे. इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली. त्यांपैकी पंधराव्या स्थानाचे नाव ‘जलधि’, म्हणजे समुद्र. मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपणांस ते नाव परके वाटू नये.

आता या स्थानांवर एक संख्या मांडू : १२३४५६७८९८७६५४३२१. अंक सतरा. ‘जलधि’च्या स्थानी तीन, आणि परार्धाला पोहोचावयास एकच स्थान उणे. चढावे आणि उतरावे, अशी तिची चाल. हिचा जन्म कसा झाला? नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग होय. पाटीवर गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांत एक, दोन, तीन असे वाढत नऊपर्यंत एक जमतात व तसेच उतरत जातात. हातचा कोठेच घ्यावा लागत नाही. सौंदर्याचे सारे रहस्य एवढेच!

ही संख्या आपल्यापुढे आणणारे गृहस्थ म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूस, १९०५ साली. फर्ग्युसनचे विद्यार्थी असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळेत शिकवीत होते. या संख्येचे त्यांनी तीन तुकडे पाडून पाहिले : डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. दोन्ही बाजूंची बेरीज ९९९९९९९९, म्हणजे मधलाच अंक पुन्हा पुन्हा! अशा संख्यांना त्यांनी ‘डेमलो’ म्हटले. आज डोंबिवली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानकाचे ते नाव. कल्पना तेथे सुचली म्हणून. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये त्यांनी या नवलाच्या संख्यांवर लिहिले.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. दहा एकांचा वर्ग केला, तर मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे निघते. चढउताराची घडी मोडली! नऊ वेळा जे खरे ठरले ते दहाव्या वेळीही ठरेलच असे नाही. ठरते का व मोडते का, याचे कारण सांगता आले म्हणजे गणित सुरू झाले.

कापरेकरांच्या या उद्योगाला आपल्याकडील पुष्कळ विद्वान क्षुल्लक करमणूक मानीत. १९४९ साली त्यांनी मद्रासच्या परिषदेत ६१७४ या स्थिरांकाची वार्ता दिली, तरी व्यापक कीर्ती मिळाली ती १९७५ साली, अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिल्यावर. तोवर ते सत्तरीचे झाले होते. १९८६ साली ते वारले.

आपल्या माणसाची पारख परक्याने करून द्यावी, हा तोटा त्यांचा थोडा, आपला अधिक. गावातील एखादे पोर आकड्यांशी तासन् तास खेळत बसले, तर ‘याचा उपयोग काय?’ असे विचारण्याआधी आपण त्याला ‘असे का होते?’ एवढे विचारावे. त्याला लागणारी सामग्री फार नाही. पाटी आणि पेन्सिल पुरते. उरते ती ऐकून घेणाऱ्याची सवड, आणि ती देणे आपल्या हाती आहे.