डेन्मार्कच्या पवनचक्क्या आणि शेजाऱ्यांचा वाटा

डेन्मार्कमध्ये आस्कोव्हच्या लोकविद्यालयात पोल ला कूर यांनी १८९१ मध्येच वाऱ्यापासून वीज तयार केली होती. पुढे स्वस्त तेलापुढे हे तंत्र मागे पडले आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर लोकांना ते पुन्हा आठवले. सरकारचा ओढा तेव्हा अणुविजेकडे होता. तिच्या विरोधकांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. ट्विंडच्या शाळांतील शिक्षक-विद्यार्थ्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने उभारलेली प्रचंड पवनचक्की १९७८ मध्ये फिरू लागली. अणुवीज प्रकल्पांचा विचार संसदेने १९८५ मध्ये सोडून दिला.

१९७९ पासून उभारणीच्या खर्चावर ३० टक्के अनुदान मिळू लागले, आणि गावोगावची कुटुंबे वर्गणी काढून सामाईक चक्क्या घेऊ लागली. एक भाग साधारणपणे वर्षाला हजार युनिट विजेचा असे. कोणी किती भाग घ्यावेत यावर घरच्या वीजवापरानुसार मर्यादा होती. भागधारक चक्कीच्या आसपासच राहणारा हवा, ही अट सर्वांत महत्त्वाची. सुरुवातीला ही हद्द अवघी तीन किलोमीटर होती. अट जाचक खरी, पण तिच्यामुळे पात्यांचा आवाज ज्याच्या कानी पडे, त्याच्याच खात्यात पैसे जमा होत. या शतकाच्या आरंभी सुमारे एक लाख कुटुंबे अशा संस्थांची सभासद होती.

कोपनहेगनजवळच्या समुद्रात २००० मध्ये उभ्या राहिलेल्या मिडेलग्रुंडन प्रकल्पातील २० पैकी १० चक्क्या साडेआठ हजारांहून अधिक भागधारकांच्या सहकारी संस्थेच्या होत्या. सॅम्सो बेटावर शेतकरी, छोटे भागधारक आणि नगरपालिका असे तिघेही मालक झाले.

तोवर रहिवासाची अट मात्र टप्प्याटप्प्याने सैल होत संपली होती. चक्क्या मोठ्या आणि महाग झाल्या, भांडवल बाहेरून येऊ लागले, आणि शेजाऱ्यांच्या वाट्याला बहुतांशी आवाज व सावली उरली. विरोध वाढला, यात नवल नाही. २००९ पासून लागू झालेल्या कायद्याने साडेचार किलोमीटरच्या आतील रहिवाशांना किमान २० टक्के भाग देऊ करणे बंधनकारक केले; घराची किंमत घटल्यास भरपाईही ठेवली. परंतु आता पुढाकार प्रकल्पवाल्याचा होता, आणि शेजाऱ्यापुढे आयत्या तयार योजनेचे भाग येत. २०२० मध्ये हा भागखरेदीचा हक्कही रद्द झाला. त्याऐवजी चक्कीच्या उंचीच्या आठपट अंतरातील घरांना वार्षिक बोनस मिळू लागला. त्यासाठी पैसे गुंतवावे लागत नाहीत आणि मालकीही मिळत नाही.