विमान सुटण्यापूर्वीच्या चुका

मी आजवर चार वेळा विमानात बसलो आणि चारही वेळा तिकिटाचे पैसे युनियनने भरले. तेव्हा या माणसाने विमानांवर काय बोलावे, अशी शंका श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. माझी शाळा सातवीत सुटली. परंतु कामगारांवर मालक ज्या चौकश्या बसवतात त्यांत कामगाराच्या शेजारी बसण्याचे काम मी जवळजवळ तीस वर्षे करीत आलो आहे, आणि विमानाचा विषय माझ्याकडे त्याच वाटेने आला.

एका कारखान्यात एका यंत्रावर दोन माणसे असत. एक यंत्र चालवी, दुसरा मदतनीस. यंत्र सुरू होण्यापूर्वी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह मदतनीस उघडी. पुढे मदतनीसाची जागा रद्द झाली. व्हॉल्व्ह आता कोणी उघडायचा, हे कोणी कोणाला सांगितले नाही. काही महिने तो उघडला जात राहिला. एका रात्री राहून गेला आणि यंत्र जळाले. चार्जशीट ऑपरेटरच्या हातात पडली. त्या चौकशीच्या तयारीत एका वकील मित्राने मला विमान अपघातांचे अहवाल वाचायला दिले. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते वाचले, आणि नंतर वाचतच राहिलो.

या इतिहासाची सुरुवात अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन येथील राइट फील्ड या लष्करी विमानतळावर होते. दिवस होता ३० ऑक्टोबर १९३५. बोइंग कंपनीचे मॉडेल २९९ हे चार इंजिनांचे नवे बाँबफेकी विमान सैन्यापुढे परीक्षेला उभे होते. दोनच महिन्यांपूर्वी ते सिअ‍ॅटलहून डेटनपर्यंत सुमारे २,१०० मैल कोठेही न उतरता आले होते. प्रतिस्पर्धी विमाने दोन इंजिनांची. तेव्हा कंत्राट बोइंगच्या पदरात पडल्यातच जमा होते. मेजर प्लॉयर हिल हा कसलेला लष्करी वैमानिक विमान चालवीत होता, आणि खुद्द कंपनीचा मुख्य चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर त्याच्याबरोबर विमानात होता. विमान उठले, नाक वर करून सरळ चढत गेले, त्याची गती मेली, ते कोसळले आणि पेटले. हिल त्याच दिवशी गेला, टॉवर काही दिवसांनी.

चौकशीत यंत्रात बिघाड सापडला नाही. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीच्या हलत्या फळ्या आपटू नयेत म्हणून त्यांना कुलपासारखा खटका लावून ठेवण्याची सोय होती. उड्डाणापूर्वी तो काढायचा असतो. तो काढलेला नव्हता. वैलगाडीचे जू बैलांच्या मानेवर न चढवता गाडी हाकावी, अशातली गत. टॉवरला खटका आठवला असे म्हणतात, पण तोवर उशीर झाला होता.

येथे सैन्यापुढे दोन सोपे मार्ग होते. मेलेल्या माणसाला निष्काळजी ठरवणे हा पहिला. एवढे अवजड यंत्र माणसाच्या आवाक्यातले नाही म्हणून ते मोडीत काढणे हा दुसरा. हा दुसरा मार्ग सैन्याने अर्धाअधिक घेतलाही; मोठी मागणी डग्लस कंपनीच्या दोन इंजिनी विमानाला गेली. परंतु बोइंगची १३ विमाने परीक्षेसाठी घेतली, आणि ती चालवायला बसलेल्या वैमानिकांनी तिसरीच गोष्ट केली. हिलपेक्षा हुशार वैमानिक आणायचा कोठून? हुशारी कमी पडली नव्हती, आठवण कमी पडली होती. म्हणून त्यांनी यादी केली. उड्डाणापूर्वी काय पाहायचे, उडताना काय, उतरण्यापूर्वी काय, उतरल्यावर काय. जिला आपण चेकलिस्ट म्हणतो ती ही. तेच विमान पुढे बी-१७ या नावाने बारा हजारांवर बनले आणि दुसऱ्या महायुद्धात उडाले. मला या गोष्टीत मोठेपणा दिसतो तो असा की, 'अधिक काळजी घ्या' असा फलक भिंतीवर लावून ते थांबले नाहीत. आमच्या कारखान्यांत अपघात झाला की पहिला खर्च फलकाचा होतो.

आता ४८ वर्षे ओलांडून कॅनडात या. २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचे नवे कोरे बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. आत ६९ माणसे. टाक्यांतील इंधन दाखवणारे दर्शक बंद पडलेले होते. आदल्या रात्री एडमंटनच्या तंत्रज्ञाने एक सर्किट ब्रेकर ओढून ठेवला की ते चालतात, हे शोधून काढले होते. माँट्रियलच्या तंत्रज्ञाने तपासणीसाठी तो ब्रेकर पुन्हा दाबला, मध्येच लक्ष दुसरीकडे गेले, आणि ओढायचा राहिला. नियमाप्रमाणे असे विमान सुटायलाच नको होते. पण देखभाल विभागाची संमती आहे अशी कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांची समजूत झाली, आणि इंधन जुन्या पद्धतीने काठीने मोजण्याचे ठरले.

काठीने ७,६८२ लिटर दाखवले. लागणार होते २२,३०० किलो. आता लिटरचे किलो करायचे. कंपनीची जुनी विमाने पौंडात मोजत. हे नवे विमान किलोत मोजणारे पहिलेच. हाताशी आकडा होता १.७७, आणि सर्वांनी त्याने गुणले. उत्तर आले १३,५९७, म्हणजे ८,७०३ किलो कमी. म्हणून आणखी ४,९१७ लिटर भरले. परंतु १.७७ हे लिटरभर इंधनाचे पौंड होत. किलो भरतात ०.८ च्या आसपास. भरायला हवे होते वीस हजार लिटर! विमानाचे इंधन म्हणजे मुळात रॉकेलच. आमच्या गल्लीतला कोणताही जुना रॉकेलवाला सांगेल की लिटरभर रॉकेल किलोपेक्षा हलके भरते. मग ७,६८२ लिटरचे तेरा हजार किलो होतील कसे? पण निघण्याच्या घाईत हा प्रश्न कोणाला सुचला नाही. ओटावाला पुन्हा काठी घातली, आणि त्याच आकड्याने गुणले.

४१,००० फुटांवर एक इंजिन थांबले, मग दुसरे. पिअरसन हे ग्लायडर उडवणारे होते. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना गिमली येथील हवाई दलाचा जुना तळ नोकरीमुळे माहीत होता. त्या धावपट्टीवर आता मोटारींच्या शर्यती होत, आणि त्या दिवशीही तेथे लोक जमलेले होते. इंजिनाच्या आवाजाशिवाय ते प्रचंड धूड तेथे उतरले. एकही माणूस दगावला नाही.

आता माझा मुद्दा. पूर्वीच्या मोठ्या विमानांत तिसरा माणूस बसे, फ्लाइट इंजिनिअर. इंधनाचा हिशेब त्याचा. ७६७ दोघांत चालवायचे ठरले. अमेरिकेत वैमानिकांची संघटना तिसऱ्या माणसासाठी भांडली. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या समितीने १९८१ साली दोघे पुरेत असा निर्णय दिला. मी संघटनेचा माणूस असूनही हे मान्य करतो की दोघांची विमाने पुढे सुखरूप उडत आली आहेत. प्रश्न वेगळा आहे. माणूस गेला तेव्हा त्याचे काम कोणाकडे गेले? न्यायमूर्ती लॉकवुड यांच्या चौकशी मंडळाने स्वच्छ म्हटले की, दर्शक बंद असताना इंधनाचा हिशेब कोणी करायचा, ही जबाबदारी कंपनीने कोणावरही नीट सोपवलेली नव्हती. वैमानिकांना वाटे ते जमिनीवरच्यांचे काम, जमिनीवरच्यांना तो गुणाकार शिकवलेला नव्हता. हे वाचले तेव्हा मला आमचा व्हॉल्व्ह आठवला.

मंडळाचा निकाल येण्यापूर्वीच कंपनीने पिअरसन यांना सहा महिने खालच्या पदावर बसवले, क्विंटल यांना दोन आठवडे निलंबित केले, देखभालीच्या तिघांनाही घरी बसवले. १९८५ साली त्याच दोघा वैमानिकांना आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने असामान्य वैमानिक कौशल्याची सनद दिली.

हे सांगून मी थांबलो असतो तर माझ्या सभेत टाळ्या पडल्या असत्या. पण ही सभा माझी नव्हे, आणि अहवाल वाचायचे तर सगळे वाचले पाहिजेत. १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइटला नॉर्थवेस्ट कंपनीचे विमान पंखांच्या फळ्या बाहेर न काढताच धावले आणि १५६ माणसे मेली. त्या विमानात यादी होती, पण वैमानिकांनी ती वाचली नाही. धोक्याचा इशारा देणाऱ्या यंत्राला वीज मिळत नव्हती, हे खरे. ऐन वेळी धावपट्टी बदलल्याने त्यांची धांदल उडाली, हेही खरे. तरी यादी वाचली नाही हे उरतेच.

आणि मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड. ३१ मे २०१४ ला एक खासगी गल्फस्ट्रीम विमान धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन जळाले. सातही जण मेले. कारण? वाऱ्याचा खटका काढलेला नव्हता. राइट फील्डची तीच चूक, जवळजवळ ७९ वर्षांनी! खटका लावलेला असताना इंजिनांचा जोर वाढू नये अशी सोय त्या विमानात होती, पण तिची रचनाच सदोष निघाली, आणि तो दोष चौकशीत यंत्र बनवणाऱ्यांच्या पदरात घातला गेला. मात्र ते दोघे वैमानिक वर्षानुवर्षे एकत्र उडणारे, अनुभवी, एकमेकांना ओळखणारे होते. सुकाणू आणि फळ्या मोकळ्या हलतात का, हे उड्डाणापूर्वी हाताने हलवून पाहायचे असते. पाहिले असते तर खटका जागच्या जागी कळला असता.

कारखान्यात मी असे तपासणीचे तक्ते पाहिले आहेत, ज्यांत आठ तासांच्या साऱ्या खुणा पाळीच्या पहिल्या दहा मिनिटांत झालेल्या असतात. त्या खुणा आमच्याच माणसांच्या हातच्या असतात, आणि चौकशीत मी त्यांच्याच शेजारी बसलेलो असतो.

बेडफर्डच्या विमानातील नोंद करणारे यंत्र अपघातानंतर उघडण्यात आले. त्यात आधीच्या १७५ उड्डाणांची नोंद होती. त्यांपैकी शेकडा ९८ उड्डाणांपूर्वी ती तपासणी पुरी केलेली नव्हती.