परवान्याविना लहरी : वाय-फायचा इतिहास आणि आपले छोटे ऑफिस

आमच्या मोहल्ल्यात एक छोटे ऑफिस आहे. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. शिकलेली काही मुले तिथे संध्याकाळी बसतात आणि शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे फॉर्म मोफत भरून देतात. गेल्या वर्षी शेवटच्या तारखेला बाहेर पालकांची रांग लागली होती आणि आत वाय-फाय अडकत होते. काही फॉर्म रात्री उशिरा कसेबसे गेले, दोन राहिले. त्यातल्या एका मुलीचे वडील काही न बोलता कागद घडी करून निघून गेले. ते मला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी मुले म्हणाली, "सर, राउटर बदलू या. दुकानदार सहा अँटेनावाला घ्या म्हणतोय." मी भाषेचा शिक्षक, यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण एखादी वस्तू विकत घेण्याआधी ती आपल्यापर्यंत कशी आली हे वाचायची मला सवय आहे. वाचले तेव्हा लक्षात आले की दुकानात विचारायचे बहुतेक प्रश्न या इतिहासातच दडलेले आहेत.

आपल्या वडिलांच्या पिढीला आठवत असेल, घरी रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन्स काढावे लागे आणि दरवर्षी पैसे भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे. ही पद्धत 1980 च्या दशकात संपली. तिच्यामागे 1933 चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा होता. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच त्यात गुन्हा होता. लहरींवर सरकारची मालकी, हा तेव्हा जगभराचा नियम होता. मग आज आपण कुणालाही न विचारता राउटर कसा लावतो?

याचे उत्तर अमेरिकेत सापडते. 1985 मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने लहरींचे तीन पट्टे परवान्याविना वापरायला खुले केले. ते पट्टे फारसे कुणाला नको होते, कारण मायक्रोवेव्ह ओव्हनसारखी यंत्रे तिथे आधीपासून गोंगाट करत होती. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा त्यातलाच एक. अट अशी की तुमच्या यंत्राची ताकद कमी असावी, आणि दुसऱ्याचा अडथळा झाला तरी तक्रार करायची नाही. थोडक्यात, गायरानासारखी जागा. सगळ्यांची गुरे चरणार, पण कुणाचा सातबारा नाही.

या मोकळ्या जागेचा फायदा आधी दुकानांनी घेतला. एनसीआर ही गल्ल्यावरची हिशेबाची यंत्रे बनवणारी कंपनी. दुकानाची मांडणी बदलली की तारा उखडाव्या लागत, म्हणून तिला बिनतारी जोडणी हवी होती. तिचे नेदरलँड्समधले अभियंता व्हिक हेस यांनी वेगवेगळ्या कंपन्यांना एका टेबलावर बसवले आणि अनेक वर्षांच्या चर्चेनंतर 1997 मध्ये 802.11 हे मानक ठरले. वेग होता सेकंदाला फक्त 2 मेगाबिट. 1999 मध्ये तो 11 मेगाबिटपर्यंत गेला, वाय-फाय हे नाव आले आणि त्याच वर्षी ॲपलने आपल्या लॅपटॉपसोबत ही सोय बाजारात आणली.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाले, पण तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून येत होते. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी ताकदीची यंत्रे परवान्याविना वापरायची मुभा आपल्याकडे जानेवारी 2005 च्या नियमांनी मिळाली. म्हणजे आपल्या ऑफिसातला राउटर कायद्याने मोकळा झाला त्याला जेमतेम दोन दशके झाली आहेत.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. 1971 मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांवरची केंद्रे रेडिओने एका मुख्य कॉम्प्युटरला जोडली. या जाळ्याचे नाव अलोहानेट. सगळ्यांची वाट एकच होती. दोघे एकदम बोलले की दोघांचाही संदेश वाया जाई. मग प्रत्येकाने थोडा थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवायचे. या पद्धतीत गर्दी वाढली की वाटेच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त 18 टक्केच कामी येते, असे गणित निघाले. वाय-फाय त्याहून शहाणे आहे. ते बोलण्याआधी कान देऊन ऐकते. पण एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, हा नियम तिथेही सुटलेला नाही.

आमच्या ऑफिसात काय होत होते, ते आता समजले. तीन कॉम्प्युटर, प्रिंटर, रांगेतल्या पालकांचे मोबाइल आणि वरच्या मजल्यांवरचे राउटर, सगळे 2.4 च्या गायरानात. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : 1, 6 आणि 11. सहा अँटेना लावल्या म्हणून गायरान मोठे होत नाही.

म्हणून मुलांना मी सांगितले, आधी जे हलत नाही ते तारेवर घ्या. कॉम्प्युटर आणि प्रिंटर टेबलावरून कुठे जाणार आहेत? त्यांना लॅन केबल टाका. गंमत अशी की केबलवरचे इथरनेटही 1973 मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांना अलोहानेटच्या अभ्यासातूनच सुचले. वाय-फाय फक्त मोबाइल आणि लॅपटॉपसाठी ठेवा.

दुसरे, राउटर 2.4 आणि 5 अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा घ्या. 5 गिगाहर्ट्झमध्ये जागा जास्त आणि गर्दी कमी, पण या लहरी भिंतीपलीकडे लवकर दमतात. आमचा राउटर लोखंडी कपाटामागे ठेवलेला होता. तो दोन्ही खोल्यांच्या मधल्या दाराशी उंचावर आणला, एवढ्यानेच बराच फरक पडला.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वाय-फायचे पहिले कुलूप होते वेप. 2001 मध्ये संशोधकांनी ते कसे उघडते हे दाखवून दिले. मग 2003 मध्ये डब्ल्यूपीए, 2004 मध्ये डब्ल्यूपीए-2 आणि 2018 मध्ये डब्ल्यूपीए-3 आले. लहर भिंतीशी थांबत नाही, रस्त्यावरही जाते. आपल्या कॉम्प्युटरमध्ये लोकांच्या मुलांची आधार कार्डे, बँकेची पासबुके, उत्पन्नाचे दाखले असतात. ती आपल्याकडे दिलेली अमानत आहे. म्हणून राउटर डब्ल्यूपीए-3, निदान डब्ल्यूपीए-2 चालवणारा हवा. खोक्यावर छापलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. पालकांना नेट द्यायचे तर पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क सुरू करून द्यायचे, ऑफिसचा पासवर्ड भिंतीवर चिकटवायचा नाही.

शेवटी सहा अँटेनावाला घेतला नाही. दोन पट्ट्यांचा साधा राउटर, केबल आणि लाइट गेल्यावर राउटर व फायबरचा डबा चालू ठेवणारा छोटा यूपीएस, एवढेच घेतले. सगळे मिळून दुकानदाराने सांगितलेल्या किमतीच्या आत बसले.

यंदा शेवटच्या तारखेला मी मुद्दाम ऑफिसात जाऊन बसलो. रांग होतीच. रात्री नऊच्या सुमारास शेवटचा फॉर्म गेला आणि पावती छापून बाहेर आली. गेल्या वर्षी राहिलेल्या त्या मुलीचा फॉर्म मात्र दुपारीच भरून झाला होता. या वेळी तिचे वडील तिला घेऊन सकाळीच आले होते, रांगेत पहिले.