जत्रेंतील घोडा

तापीकाठच्या सारंगखेड्यास मार्गशीर्षांत दत्तजयंतीला यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार लागतो. हें गांव १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्यांत होतें. नंतर तें नव्या नंदुरबार जिल्ह्यांत गेलें. ढोल, पाळणे, माणसांची रेटारेटी! अशा कोलाहलांत रेवाल चालीचा घोडा लगाम मानतो कीं नाहीं, हें जाणतें गिऱ्हाईक पाहतें. तबेल्यांतला आज्ञाधारकपणा काय, कोणताहि घोडा दाखवील.

बाजारांत फार तर सौदा फिसकटतो. मराठ्यांच्या फौजेंत हीच परीक्षा जिवावरची होती. बारगिराला घोडा सरकारांतून मिळे, शिलेदाराचा मात्र स्वतःचा असे. तोफेच्या आवाजानें तो उधळला, तर स्वाराचा जीव आणि घरचा संसार दोन्ही धोक्यांत.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळें त्याला जवळजवळ चौफेर दिसतें, आणि पळणें हेंच त्याचें संरक्षण. हट्ट समजून ज्याबद्दल चाबूक बसतो, तें पुष्कळदां भय असतें. ग्रीक सेनानी झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतच बजावलें होतें कीं, भ्यालेल्या घोड्यास मारल्यानें भय दुणावतें. भीतीच्या वस्तूला स्वारानें आधीं स्वतः हात लावून दाखवावा. ढोलहि असाच प्रथम दुरून, मग रोज थोडा जवळून ऐकवावा लागतो. घोड्यानें मानलें कीं लगाम त्याच क्षणीं सैल झाला पाहिजे. उशीर झाला, तर सूट कशाबद्दल मिळाली हें त्याला उमगत नाहीं.