कपडा जाळू नका, वाफवा

साथ आली की सगळ्यात आधी संशय येतो तो आजाऱ्याच्या कपड्यांवर. ते जाळून टाकावेत, पुरावेत किंवा गावाबाहेर फेकावेत ही माणसाची फार जुनी समजूत. कपडा न जाळता त्याला पुरेशी उष्णता द्यावी आणि ज्याचा त्याला परत करावा, ही कल्पना मात्र त्या मानाने कालची आहे. तिचा उगम बराचसा कापसाच्या व्यापारात आहे.

1831 साली कॉलरा युरोप ओलांडत इंग्लंडकडे सरकत होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणारा परदेशी कापूस बंदरांत क्वारंटाइनमध्ये अडकून पडण्याची भीती होती, कारण रोगाचे विष कापसात आणि कापडात दडून बसते असे तेव्हाचे डॉक्टर मानत. विल्यम हेन्री हा मँचेस्टरचाच रसायनशास्त्रज्ञ. वायू पाण्यात किती विरघळतो हे सांगणारा ‘हेन्रीचा नियम’ शाळेत शिकवतात, तो याचाच. त्याने एक साधा प्रश्न विचारला: कापूस खराब होणार नाही पण रोगाचे विष मरेल, अशी काही उष्णता आहे का? त्याने कच्चा कापूस आणि सूत तापवून पाहिले. धाग्याची ताकद टिकते अशी त्याची खात्री झाली. देवीची लस तापवली, तर ती निकामी झाली. मग त्याने लाल पुरळाच्या तापाने, म्हणजे स्कार्लेट फीव्हरने, आजारी असलेल्यांच्या अंगातल्या फ्लॅनेलच्या बंड्या घेतल्या, उकळत्या पाण्याच्या जवळपास पोचणाऱ्या कोरड्या उष्णतेत त्या काही तास ठेवल्या आणि निरोगी मुलांच्या अंगात घातल्या. मुले आजारी पडली नाहीत. आज असा प्रयोग कोणी सुचवला तर त्याला तुरुंगात टाकावे लागेल, आणि ते योग्यच होईल. त्या मुलांना कोणी काही विचारले असेल असे वाटत नाही. तरीही साथीतला कपडा तापवून पुन्हा अंगात घालता येतो, हे मोजूनमापून दाखवणारा हा पहिल्या काही प्रयोगांपैकी एक होता.

पुढच्याच वर्षी लिव्हरपूलला कॉलरा पोचला. हेन्रीचे निबंध कधीही न वाचलेल्या एका बाईने तिथे तेच काम मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. किटी विल्किन्सन मूळची आयर्लंडमधल्या डेरीची. लहानपणी लिव्हरपूलला आली, कापसाच्या गिरणीत राबली, विधवा झाली, मोलमजुरी करत राहिली. त्या गरीब वस्तीत पाणी तापवायचा मोठा बंब तिच्याच घरी होता. साथ सुरू झाल्यावर तिने शेजारणींना सांगितले, आजाऱ्यांचे कपडे आणि अंथरुणे माझ्याकडे आणा आणि इथेच धुवा. आठवड्याला एक पेनी घेऊन तिने आपले स्वयंपाकघर आणि अंगण त्यांना मोकळे करून दिले. कपडे उकळायचे आणि त्यांना ब्लीचिंग पावडर लावायची, एवढीच पद्धत. तिच्या धडपडीतून आणि शहरातल्या काही सधन कुटुंबांच्या मदतीने 1842 मध्ये लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर नगरपालिकेचे सार्वजनिक धुणीघर उभे राहिले. 1846 मध्ये ब्रिटिश संसदेने अशा स्नानगृहांचा आणि धुणीघरांचा कायदाच केला, आणि किटी व तिचा दुसरा नवरा लिव्हरपूलच्या धुणीघराचे व्यवस्थापक झाले.

कॉलरा घाणेरड्या हवेने होतो असे किटीच्या काळात बरेच जण धरून चालले होते. कारण चुकीचे, पण उपाय बरोबर. आजाऱ्याच्या जुलाबाने भिजलेली चादर हाताळायची, तोच हात तोंडाला लागायचा, हा कॉलऱ्याचा एक खरा रस्ता पुढे लंडनचा डॉक्टर जॉन स्नो याने दाखवला. 1884 मध्ये कलकत्त्यात काम करताना जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखला दिसले की कॉलऱ्याचे जंतू ओल्या कापडावर भराभर वाढतात आणि कापड वाळले की मरतात. या एका निरीक्षणात घरच्या धुण्यासाठी मोठा धडा आहे. आजाऱ्याचे ओले कपडे बोळा करून बादलीत रात्रभर ठेवणे सगळ्यात वाईट, आणि धुतल्यावर अर्धवट ओले घडी करणे त्याच्या खालोखाल.

कॉख आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1881 मध्ये हेन्रीच्या पद्धतीतली उणीवही दाखवून दिली होती. कोरडी गरम हवा गुंडाळलेल्या घोंगडीच्या पोटात तासन्‌तास शिरतच नाही. बाहेरचा थर करपायला येतो आणि आतला गारच राहतो. लोकर ऊब धरते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे, आणि तीच हवा बाहेरची उष्णताही अडवते. वाफेचे तसे नसते. थंड धाग्याला स्पर्श होताच वाफेचे पाणी होते, आणि त्या क्षणी ती आपल्यातली साठलेली सगळी उष्णता धाग्याला देऊन टाकते. तिची जागा घ्यायला मागून नवी वाफ येते. अशी ती थराथराने आत उतरते. इस्पितळांत आणि बंदरांवर वाफेची मोठी यंत्रे आली ती या समजुतीवर.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या आणि कडू वळणाने आली. 1896 मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग शिरला. 1897 च्या पुण्यात गोरे सोल्जर घराघरांत घुसले, सामान रस्त्यावर काढले आणि कपडे-अंथरुणे जाळली. प्लेग-अधिकारी रँडच्या खुनापर्यंत गेलेल्या त्या संतापाची राजकीय बाजू मराठी वाचकाला पाठ आहे. तिच्यातल्या कपड्यांकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. ज्या घरात माणशी एक-दोन लुगडी-धोतरे आणि सगळ्यांत मिळून दोन-तीन वाकळी, त्या घरातल्या कपड्यांची होळी करून सरकारी माणसे निघून गेली की कुटुंबाने रात्री अंगावर काय घ्यायचे? त्यामुळे लोक आजारी लपवू लागले, कपडे लपवू लागले, आणि लपवलेल्या गाठोड्यांबरोबर पिसवाही गावोगाव गेल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने 1898 मध्ये कराचीत दाखवले. पिसू मारायला होळी लागत नाही. तापलेल्या जमिनीवर कपडा पातळ पसरून ठेवला तर भारतातले उन्हाळ्याचे ऊन ते काम फुकट करते. गाद्यांना ऊन दाखवणे हे आपल्या घरांतले वर्षानुवर्षांचे काम, ते जबरदस्तीशिवाय आणि पोलिसांशिवाय लोकांनी आनंदाने केले असते. माझ्या मते त्या साथीतली ही सर्वांत मोठी हुकलेली संधी होती.

कपडा आणि रोग यांचे सगळ्यात घट्ट नाते उलगडले ते नाशिकला. आणि ही गोष्ट महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक असावी, याची मला खंत वाटते.

1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळात दख्खनेतली उपाशी माणसे मुंबईत लोटली, आणि त्यांच्याबरोबर एक ताप आला. आठवडाभर फणफणायचा, उतरायचा, माणूस बरा झाला असे वाटेपर्यंत पुन्हा उलटायचा. ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेला डॉक्टर हेन्री व्हॅनडाइक कार्टर याने 1877 मध्ये मुंबईच्या रुग्णांच्या रक्तात त्याचे मळसूत्री जंतू पाहिले. हा तोच कार्टर, ज्याच्या चित्रांवर ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हा शरीररचनेचा प्रसिद्ध ग्रंथ उभा आहे. जंतू सापडले, पण ते एका माणसातून दुसऱ्यात कसे जातात ते कळले नव्हते. तीस वर्षांनी, 1907 मध्ये, नाशिकच्या एका मिशनच्या वसतीत हाच ताप पसरला. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला तरुण डॉक्टर पर्सिव्हल मॅकी तिथे गेला. मुलगे भराभर आजारी पडत होते, मुली त्या मानाने कमी. वसती एक, अन्न एक, पाणी एक. फरक त्याला कपड्यांत सापडला. मुलग्यांच्या कपड्यांत उवा बुजबुजलेल्या होत्या, मुलींच्या कमी. पुढे मुलींमध्ये ताप वाढला तेव्हा त्यांच्याकडच्या उवाही वाढलेल्या होत्या. मॅकीने उवा उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर त्यांच्या पोटात तेच मळसूत्री जंतू.

ही डोक्यातली ऊ नव्हे. ही कपड्यात राहते, शिवणीच्या दुमडीत लिखा घालते, आणि दिवसातून काही वेळा रक्त प्यायला अंगावर येते. म्हणजे तिचे घर कपडा, अंग फक्त जेवणाची जागा. अंगातला ताप चढला किंवा माणूस मेला की तिला तिथली उष्णता मानवत नाही आणि ती शेजारच्याकडे निघते. जिथे माणसे एकाच कपड्यावर आठवडेच्या आठवडे राहतात, म्हणजे दुष्काळात, तुरुंगात, छावणीत, तिथेच तिची भरभराट होते. आणखी एक बाब धोक्याची: उलटून येणाऱ्या तापाचे जंतू उवेच्या अंगातल्या द्रवात असतात. नखावर ऊ चिरडली की ते बोटावर येतात, आणि खाजवलेल्या कातडीतून आत जातात. कपड्यातल्या उवा वेचून मारणे हा उपाय म्हणूनच अंगाशी येऊ शकतो.

दोनच वर्षांनी, 1909 मध्ये, ट्युनिसच्या पाश्चर संस्थेत शार्ल निकोल याने टायफसबद्दल हेच सिद्ध केले. हा टायफस म्हणजे आपला टायफॉईड नव्हे. निकोलच्या लक्षात आले की इस्पितळाच्या दारात रुग्णांना उतरवून घेणारे, त्यांचे कपडे गोळा करणारे आणि धुणारे लोक आजारी पडतात. पण रुग्णाला आंघोळ घालून इस्पितळाचे स्वच्छ कपडे चढवले की आतल्या वॉर्डात लागण थांबते. रोग दारातल्या कपड्यांच्या ढिगात राहिला होता. मग माकडांवरच्या प्रयोगांतून त्याने ऊ पकडली. 1928 चे नोबेल पारितोषिक त्याला याच कामासाठी मिळाले. टायफसचे जंतू उवेच्या विष्ठेत असतात आणि वाळलेल्या विष्ठेत ते कित्येक आठवडे जिवंत राहतात. आजाऱ्याचे कपडे झटकू नयेत, अंगाशी धरून नेऊ नयेत, ही सूचना इतकी का महत्त्वाची ते यावरून कळते.

या ज्ञानाची कसोटी लागली सर्बियात. 1914-15 च्या हिवाळ्यात युद्धाने होरपळलेल्या त्या छोट्या देशात टायफसने दीड लाखांच्या आसपास माणसे मारली, डॉक्टरही मोठ्या संख्येने गेले. ब्रिटिश लष्करी पथक घेऊन कर्नल विल्यम हंटर तिथे पोचला, तेव्हा वाफेची मोठी यंत्रे आणायला ना वेळ होता ना रस्ते. त्याच्या पथकातल्या स्टॅमर्स नावाच्या अधिकाऱ्याने तिथे मुबलक असलेली वस्तू उचलली: दारूचे लाकडी पिंप. तळाला भोके पाडायची, आत कपडे सैल टांगायचे, पिंप उकळत्या पाण्याच्या भांड्यावर बसवायचे आणि वर झाकण ठेवायचे. आपले इडलीपात्र, फक्त माणसाच्या उंचीचे. लाकूड उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे थोड्या सरपणावर काम होते. सैनिक उघडा बसून आंघोळ उरके, तासाभराने त्याचे स्वतःचे कपडे गरम गरम त्याच्या हातात परत येत. हंटरने पंधरा दिवस प्रवासी रेल्वेही बंद ठेवली. ‘सर्बियन पिंप’ या नावाने ते साधन पुढे कित्येक देशांच्या लष्करी आरोग्य-पुस्तिकांत गेले.

वाफेलाही मर्यादा होत्या, आणि त्या कपडा ओळखणाऱ्यालाच कळतात. चामड्याचा पट्टा किंवा बूट वाफेत घातला की आक्रसून वाया जातो, त्याला कोरडी ऊबच लागते. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात काढावा लागतो, थेट वाफ दिली तर तो कायमचा बसतो. लोकर उकळत्या पाण्यात घुसळली तर आटते. सुती कापड मात्र उकळणे, खार, इस्त्री सगळे सोसते. रुग्णसेवेसाठी पांढरे सुती कापड टिकून राहिले ते या सोशिकपणामुळे. इस्त्री फिरवायची तर सपाट पाठीवर नव्हे, शिवणींवर सावकाश दाबून. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक मेणबत्तीची ज्योत शिवणीवरून फिरवत ते याचसाठी.

1943-44 च्या हिवाळ्यात इटलीतल्या नेपल्समध्ये टायफस पसरला. तिथे डीडीटीची भुकटी पिचकारीने लोकांच्या गळ्यातून आणि बाह्यांतून कपड्यांच्या आत फवारली गेली. कोणाला कपडे उतरवावे लागले नाहीत. दहा लाखांहून जास्त माणसांवर फवारणी झाली आणि भर हिवाळ्यात साथ आवरली. पण कोरियन युद्धापर्यंत कोरियातल्या उवा डीडीटीला जुमानेनाशा झाल्या होत्या. उष्णतेला मात्र कोणतीही ऊ अजून सरावलेली नाही. साधारण 55 अंशांच्या पाण्यात आणि गरम वाळवणीत ऊ आणि लिखा दोन्ही मरतात.

2020 मध्ये घराघरांत दाराशी कपडे भिजवण्याची बादली आली. कोविड मुख्यतः श्वासातून पसरतो हे पुढे स्पष्ट झाले, आणि कपड्यांचा वाटा त्यात थोडा होता. त्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णाच्या कपड्यांसाठी सांगितलेली रीत मात्र याच परंपरेतली: झटकू नका, 60 ते 90 अंशांच्या पाण्यात साबणाने धुवा, यंत्र नसेल तर गरम पाण्यात भिजवून काठीने ढवळा, पूर्ण वाळवा. प्रत्येक रोग कपड्यावर स्वार होत नाही. कॉलरा, टायफस, खरूज होतात; देवी होत असे. आपल्या पुढचा रोग कोणत्या जातीचा हे आधी ओळखले तर भीतीपायी कपड्यांचा जाळ करावा लागत नाही.

उवेमुळे उलटून येणारा ताप अजून संपलेला नाही. इथिओपियात तो टिकून आहे, आणि 2015 मध्ये पूर्व आफ्रिकेतून युरोपात पोचलेल्या निर्वासितांमध्येही तो सापडला. जिथे सरपण नाही, पाणीही बेताचे, तिथे एकच स्वस्त उपाय उरतो. अंगापासून तुटलेली कपड्यातली ऊ रक्तावाचून आठवड्याभरात मरते, आणि उबेवाचून लिखा फुटत नाहीत. कपडे पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे बाजूला ठेवले की ते पुन्हा घालता येतात. त्यासाठी माणसाजवळ तेवढे दिवस अंगात घालायला दुसरा जोड असावा लागतो. म्हणून छावणीत औषधांच्या पेट्यांबरोबर कपड्यांचे गठ्ठेही उतरवावे लागतात.