बटाटा : नाव, वर्ग आणि पथ्य

मराठी भाषेने बटाट्याला 'भाजी' म्हटले, उपवासाने त्याला 'फराळ' मानले आणि मधुमेहाच्या वैद्यकाने त्याला धान्याच्या पंक्तीस बसविले. या तीन वर्गीकरणांपैकी पहिली दोन रूढीची असून तिसरे रसायनशास्त्राचे आहे. मधुमेही मनुष्य बटाट्याला पर्याय शोधू लागतो, तेव्हा त्यांतील विसंगती त्याला प्रत्यक्ष ताटात भेटते.

'बटाटा' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. गोमंतकीय पंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा शब्दांचा आशियाई भाषांतील संचार नोंदविला आहे. मूळ शब्द कॅरिबियन बेटांतील ताइनो भाषेचा असून तो रताळ्याचा वाचक होता; बटाट्यास अँडीज पर्वतातील केचुआ भाषेत 'पापा' म्हणत. युरोपात ही नावे एकमेकांत मिसळली. म्हणूनच सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोगल दरबारी आलेल्या टॉमस रो याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी मेजवानीतील 'पोटॅटो'चा उल्लेख करतो, तेव्हा ती रताळी की बटाटे, हे निश्चित सांगता येत नाही. हिंदीने या नव्या कंदास 'आलू' हे जुनेच नाव दिले. मराठीने परके नाव स्वीकारले आणि रताळ्यास 'रक्तालु'पासून आलेले नाव राहू दिले.

उपवासास मुख्यतः धान्य वर्ज्य. बटाटा धान्य नव्हे, म्हणून तो चालला. रताळेही चालले आणि आज भारतात ज्या टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा होतो, तो कंदही चालला. हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातील, आणि तिन्ही पिष्टमय. परिणामी, धान्य टाळल्याच्या समाधानात मधुमेही मनुष्य एकादशीस इतर दिवसांइतकेच, किंबहुना अधिक, पिष्ट सेवन करतो.

वैद्यकाने हा प्रश्न निराळ्या मार्गाने सोडविला. १७९७ साली जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी वैद्याने मधुमेहावर मांसप्रधान आहार सुचवून वनस्पतिजन्य अन्न जवळजवळ वर्ज्य केले. पुढील काळात सर्वच भाज्या सारख्या नाहीत हे ध्यानी आले. बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन यांनी १९१६ नंतर लोकप्रिय केलेल्या तक्त्यांत भाज्यांची शेकडा ५, १०, १५ व २० कर्बोदके अशी वर्गवारी आढळते. फुलकोबी, कोबी, मुळा, वांगी व काकडी पहिल्या रकान्यात. सलगम व नवलकोल दुसऱ्यात. आणि बटाटा शेवटच्या रकान्यात, शिजवलेल्या भाताच्या शेजारी. १९२२ साली टोरांटो येथे रुग्णास प्रथम इन्शुलिन दिले गेल्यानंतर पथ्याचा कडकपणा ओसरला; परंतु या वर्गवारीमागील तत्त्व टिकून राहिले.

या तत्त्वानुसार पर्याय शोधताना आकारसाम्य किंवा नामसाम्य फसवे ठरते. सुरण हा कंद बटाट्याची जागा सहज घेतो. परंतु त्यातही शेकडा सुमारे १८ भाग कर्बोदके असतात. कच्च्या बटाट्यात हे प्रमाण शेकडा १७ ते २२, तर रताळ्यात २० ते २८ पर्यंत जाते. याउलट मुळा, नवलकोल, फुलकोबी व सलगम यांत ते साधारणतः ३ ते ६ इतकेच असते. नवलकोलाच्या फोडी रश्श्यात बटाट्यासारख्या आकार धरून राहतात. फुलकोबी उकडून घोटली असता कुस्करलेल्या बटाट्याचे काम बरेचसे भागते. उपवासाच्या दिवशी, जेथे घरच्या रीतीस मान्य असेल तेथे, काकडी व लाल भोपळा हे पर्याय आहेत. मात्र इन्शुलिन वा गोळ्या घेणाऱ्याने आहारातील पिष्ट एकाएकी कमी करणे अथवा उपवास करणे वैद्याच्या सल्ल्यानेच व्हावे. अन्यथा रक्तशर्करा धोकादायक प्रमाणात उतरू शकते.

'नवलकोल' हेही आगंतुक नावच; त्याचे मूळ डच 'क्नोल्कोल' या शब्दात सांगितले जाते. मराठी जिभेने त्यात 'नवल' ऐकले. बटाट्याप्रमाणेच ही भाजीही परदेशी, तिचे नावही परदेशी. तरी पथ्याच्या दृष्टीने दोहोंत महदंतर आहे, आणि ते अंतर 'भाजी' हा शब्द दाखवीत नाही. शब्द वस्तूचे स्थान सांगतो, तिचे घटक नव्हे. मधुमेह्याने पथ्य ठरविताना हा भेद ओळखणे अगत्याचे होय.